अद्भुताचा भार

दशावतारी नटांविषयी मराठीत लिहिला गेलेला एक फार जुना अभिप्राय समर्थ रामदासांचा आहे. सतराव्या शतकातल्या दासबोधात त्यांनी या खेळातल्या देखण्या स्त्रियांचा उल्लेख केला, त्यांच्या नेत्रांच्या हावभावांची दखल घेतली, आणि लागलीच हेही सांगून टाकले की, या साऱ्या स्त्रिया वस्तुतः आडदांड पुरुष आहेत. समर्थांचा हेतू अर्थातच पारमार्थिक होता; दृश्य जग कसे फसवे असते हे शिष्याच्या मनावर ठसवण्यासाठी त्यांनी तो दृष्टांत घेतला. परंतु दृष्टांत म्हणून का होईना, समोरचा नट पुरुष आहे हे पक्के ठाऊक असताना प्रेक्षकाच्या दृष्टीला तो स्त्री भासतो, ही अभिनयशास्त्रातली मूळ किमया त्यांनी अचूक टिपली, आणि त्याच किमयेविषयी सिंधुदुर्ग जिल्ह्यात आजही दर वर्षी कार्तिकापासून पावसाच्या तोंडापर्यंत अखंड वाद चाललेला असतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मालवण, कुडाळ, वेंगुर्ले वा सावंतवाडी या तालुक्यांतल्या कोणत्याही वाडीत जावे. तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात, होडी ओढून झाल्यावर वाळूत बसलेल्या मंडळींत, एसटीच्या थांब्यावर, गजालींचा विषय एकच असतो, आणि तो म्हणजे काल रात्रीचा राजा कसा झाला व राणी कशी झाली.

या वादाकडे आपल्या नाट्यसमीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. दशावताराच्या उगमाविषयी लिहिले गेले. श्यामजी नाईक काळे यांनी तो कोकणात आणला या परंपरेची आणि कर्नाटकातल्या यक्षगानाशी त्याच्या असलेल्या साम्याची चर्चा झाली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या प्रयोगाशी या लोकनाट्याचे नाते काय, याचीही छाननी विद्वानांनी केली. मात्र ज्या प्रेक्षकांनी हा खेळ शतकानुशतके जिवंत ठेवला, त्या प्रेक्षकांची पारख कशी चालते, कोणत्या निकषांवर ते एका नटाला डोक्यावर घेतात व दुसऱ्याला नापसंत करतात, याचे दप्तर कोणी मांडलेले नाही. ते मांडण्याजोगे आहे, असे माझे ठाम मत आहे.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ग्रामदेवतेची पालखी देवळाभोवती फिरून आल्यावर, बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास, देवळाच्या आवारात खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीकाला होऊन संपतो. म्हणूनच मालवणीत या नाटकालाच ‘धयकालो’ म्हणतात. आरंभी पूर्वरंग, ज्याला आडदशावतार असेही नाव आहे: त्यात नाईक म्हणजे सूत्रधार येतो, गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती येतात, भटजी येतो, आणि मग काळ्या वेषातला, लांब जीभ लोंबणारा शंकासुर येऊन थेट मालवणीत गावाची फिरकी घेतो आणि शेवटी वेद चोरल्याच्या अपराधाबद्दल विष्णूच्या हातून शासन पावतो. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे पुराणातले वा महाभारत-रामायणातले आख्यान. सामग्री म्हणावी तर मागे एक पडदा, मध्ये एक बाक, बाजूला पायपेटी, मृदंग व झांज. एवढ्यावर इंद्राची सभा भरते, अरण्य उभे राहते, राक्षस गुप्त होतो आणि ऋषीच्या शापाने राजा शिळा होतो. पात्राने रंगस्थळी एक फेरी मारली की ते हस्तिनापुराहून द्वारकेस पोहोचले, हा करार नट व प्रेक्षक यांच्यात कोणत्याही कागदावाचून कायम झालेला आहे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, या नाटकाला संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता मंडळाचा नाईक वा एखादा जाणता नट त्या रात्रीचे आख्यान, त्यातल्या प्रवेशांचा क्रम आणि कोणी कोणती भूमिका करावयाची एवढे सांगतो; पुढचे सारे संवाद नटाने आपल्या पुराणज्ञानाच्या व वाणीच्या बळावर समोरच्या माणसाचे ऐकत ऐकत रचायचे असतात. राजपार्ट करणाऱ्याने मृदंगाच्या तालावर प्रवेश करावा, बाकावर बसून आपली ओळख द्यावी, पद म्हणावे, प्रतिपक्षाशी वाद घालावा, आणि वाद मिटला नाही म्हणजे तलवार उपसून नाचत युद्ध करावे. हाच नट दिवसा शेतकरी असेल, गवंडी असेल, एखाद्या कारखान्यात हजेरी लावणारा असेल. पेटाऱ्यातून मुगुट आणि भुजबंद निघाले की त्याला राजा व्हावेच लागते, आणि तो झाला की नाही याचा निवाडा करायला तीन बाजूंनी सारा गाव बसलेला असतो.

या निवाड्याचे निकष फार बारीक असतात. पहिला अर्थातच आवाजाचा, कारण ध्वनिवर्धकाचा काळ येण्याआधी आवारातल्या शेवटच्या माणसाच्या कानी शब्द पोहोचवणे हे नटाचे आद्य कर्तव्य होते व ती अपेक्षा आजही पुरती सुटलेली नाही. त्याच्या पाठोपाठ ज्ञानाची परीक्षा येते. प्रतिपक्षाने भर सभेत एखादा आडवळणी प्रश्न टाकला, अमुक शाप कोणी व कशासाठी दिला असे विचारले, तर उत्तर पुराणाला धरून आले पाहिजे. ते चुकले तर दुसऱ्या दिवशी एखादा म्हातारा पोथीच काढून बसतो. “राजा झालो खरो, पण बोलणा खंय हा?” अशा एका वाक्यात अनेक देखण्या, उंचापुऱ्या नटांची फिर्याद निकाली निघालेली असते. आणि ज्याच्याकडे बोलणे आहे, पण दुसऱ्याला बोलू देण्याचे औदार्य नाही, त्यालाही जाणते प्रेक्षक माफ करीत नाहीत. संहिता नसलेल्या नाटकात समोरच्याला वाव देणे हाच अभिनयाचा अर्धा भाग होय. जो नट टाळीसाठी प्रवेश लांबवतो, सहकाऱ्याने उभारलेला मुद्दा मोडून स्वतःचे पांडित्य मिरवतो, तो त्या रात्री टाळी घेऊन जातो, पण आठवडाभराच्या चर्चेत त्याची बाजू लंगडी पडते.

स्त्रीपार्टाची पारख याहून नाजूक असते. लुगडे उत्तम नेसता येणे, केसांत माळलेले फूल शोभणे, या गोष्टी जमेस धरल्या जात नाहीत असे नाही, परंतु त्यांवर निकाल लागत नाही. “नेसणा बरा, पण चाल बाईची नाय,” असे एखादी बाईच म्हणते, आणि तिच्या शब्दावर अपील नसते. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारख्या ज्या नटांचे नाव स्त्रीपार्टासाठी आदराने घेतले जाते, त्यांच्याविषयी बोलताना रसिक रूपाचा उल्लेख करून थांबत नाहीत. पतिव्रतेची, सासुरवाशिणीची वा सूडाने पेटलेल्या राणीची अवस्था कशी उभी राहिली, डोळ्यांत पाणी कोणत्या क्षणी आले, हे ते सांगतात. कीचकवधाच्या आख्यानात या पारखीची खरी कसोटी लागते. त्यात सैरंध्रीच्या वेषातली द्रौपदी स्त्रीपार्टाचा नट करतो, आणि कीचकाला फसवण्यासाठी स्त्रीवेष घेतलेला भीम राजपार्टाचा नट करतो. दोघेही पुरुष, दोघेही लुगड्यात. पहिल्याने आपण पुरुष आहोत हे प्रेक्षकाला विसरायला लावायचे, दुसऱ्याने आपण पुरुष आहोत हे पदराआडून सतत आठवत ठेवायचे, आणि दोन्ही एकाच रात्री, एकाच बाकाजवळ. हा भेद ज्याला दाखवता आला तो भीम वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी राहतो. नाट्यशास्त्राच्या वर्गात बसून जे समजायला कठीण पडेल ते येथे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही समजते, कारण तिने असे पन्नास भीम पाहिलेले असतात.

आता या वादाचे एक दूरचे भावंड दाखवतो. देवराक्षसांच्या कथेवर ज्या तीव्रतेने कोकणात अभिनयाची चर्चा होते, तशाच तीव्रतेने पाश्चात्त्य देशांत, अर्ध्या शतकाहून अधिक काळ, जुन्या विज्ञानकथांच्या दूरदर्शन मालिकांवर होत आली आहे. अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली आणि १९६९ मध्ये, अवघ्या तीन हंगामांनंतर व ७९ भागांनंतर, बंद पडली. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनने ती दाखवली, तेव्हा ज्यांच्या घरी संच होता त्यांच्या ओटीवर शेजारीपाजारी जमून ती पाहिली गेली, आणि पुढे १९९८ मध्ये केतन मेहता यांनी मिलिंद सोमण यांना घेऊन ‘कॅप्टन व्योम’ काढली, तेव्हा त्या जातीच्या कथेची गोडी इथल्या मुलांनाही लागली. ‘स्टार ट्रेक’ची सामग्री आजच्या दृष्टीने केविलवाणी होती. परग्रहावरचे खडक कृत्रिम, आकाश म्हणजे रंगीत प्रकाश टाकलेला पडदा. यान दर वेळी ग्रहावर उतरवून दाखवायचे तर खर्च परवडत नव्हता, म्हणून निर्मात्यांनी युक्ती काढली की, माणसे एका यंत्रात उभी राहतील, लखलखत अदृश्य होतील आणि ग्रहावर प्रकट होतील. दशावतारी पात्राची ती एक फेरीच म्हणायची. गरजेतून निघालेला संकेत, प्रेक्षकाने आनंदाने मान्य केलेला.

अशा ठिकाणी सारा भार नटावर येतो. कॅप्टन कर्क झालेले विल्यम शॅटनर हे मूळचे रंगभूमीचे नट. कॅनडातल्या स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअर महोत्सवात त्यांनी उमेदवारी केली होती. त्यांचे बोलणे म्हणजे शब्दाशब्दांत अनपेक्षित विराम, मध्येच वेग, मध्येच गर्जना. त्याच मालिकेत स्पॉक झालेले लेनर्ड निमॉय यांची रीत अगदी उलट: भावना दाबून ठेवणाऱ्या परग्रहवासी वंशातला तो माणूस, कानांना रबरी टोके, चेहरा स्थिर, भुवई काय ती हलायची. निमॉय यांनी सांगितलेली एक हकिकत आहे. आरंभीच्या एका भागात पडद्यावर भयंकर काही दिसते व सारे घाबरून ओरडतात अशा प्रसंगी त्यांना एकच शब्द उच्चारायचा होता, आणि तोही ते इतरांच्या सुरात ओरडून उच्चारू लागले. तेव्हा दिग्दर्शकाने सुचवले की, इतरांहून वेगळा राहा, शास्त्रज्ञाच्या कुतूहलाने, शांतपणे म्हण. त्या एका सूचनेतून स्पॉक हे पात्र आपल्याला सापडले, असे ते म्हणत. पुढे त्या भूमिकेसाठी अमेरिकेतल्या प्रतिष्ठित एमी पुरस्कारासाठी त्यांचे तीनदा नामांकन झाले.

शॅटनर अतिरेक करीत होते काय, की त्या लाकडी आणि कागदी विश्वाला खरेपण देण्यासाठी तेवढाच मोठा अभिनय हवा होता, या प्रश्नावर तिकडच्या रसिकांत तट पडले आणि ते आजतागायत मिटलेले नाहीत. मालिकेच्या १९६९ च्या अखेरच्या भागात एक स्त्री यंत्राच्या साहाय्याने कर्कच्या देहात शिरते, म्हणजे शॅटनर यांना पुरुषाच्या देहात वावरणारी स्त्री करावी लागली. तो प्रयत्न फसला असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हातांच्या नाजूक हालचाली दाखवून त्याची बाजू मांडणारेही आहेत. आमच्या भीमाची आणि सैरंध्रीची चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा वाद मुळीच परका वाटणार नाही. पुढे १९८७ मध्ये त्याच विश्वातली नवी मालिका आली आणि इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत मुरलेले पॅट्रिक स्टुअर्ट पिकार्ड हे नवे कप्तान झाले; तेव्हापासून कर्क थोर की पिकार्ड थोर, हा प्रश्न पिढ्यांमधला होऊन बसला. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. शॅटनर असोत की स्टुअर्ट, अद्भुत कथेला सावरायला शेवटी शेक्सपिअरच्या रंगभूमीवर घोटलेली वाणीच लागली. रिकाम्या जागेत बोलून राज्य उभे करण्याची तालीम ज्याने घेतलेली असते, त्यालाच पुठ्ठ्याच्या यानात उभे राहून आकाशगंगा दाखवता येते.

इंग्लंडमधल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा दाखला आणखी जवळचा आहे. बीबीसीने ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. काळातून प्रवास करणारा एक गूढ पुरुष हा तिचा नायक. ती भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृती खालावल्यावर १९६६ मध्ये लेखकांनी अशी योजना केली की, नायक मरणाच्या दारी पोहोचला म्हणजे त्याचा देह पालटतो आणि तो नवे रूप घेतो. एकच आत्मा, देह निराळा! दशावतार ज्यांच्या रक्तात आहे त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. पॅट्रिक ट्रॉटन, जॉन पर्टवी, टॉम बेकर असे एकामागून एक नट त्या गादीवर आले आणि प्रत्येकाने तोच पुरुष वेगळा केला. आपल्याकडे पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर अशा परंपरागत मंडळांतून तोच विष्णू, तोच भीम, तोच शंकासुर हातोहात चालत आला, आणि कोणाचा कोणता, हे सांगणारी रसिकांची स्मृती हीच त्याची वंशावळ. या मंडळांच्या जत्रा बहुशः ठरलेल्या असतात, देवळागणिक त्यांची वहिवाट असते. त्यामुळे एखाद्या गावाने एका मंडळाचे तीन पिढ्यांचे राजपार्ट पाहिलेले असणे ही सामान्य गोष्ट आहे. बापाचा राजा आणि मुलाचा राजा शेजारी ठेवून तोलण्याची संधी जगातल्या किती प्रेक्षकांना मिळते? नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण, ज्यांना लोकांनी ‘लोकराजा’ ही पदवी दिली, ते बाबी कलिंगण यांचे पुत्र. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा जिल्ह्यात जो शोक झाला त्यात एका नटाच्या जाण्याइतकेच एका मोजमापाच्या हरवण्याचे दुःख होते, कारण नवा राजा पाहिला की लोक मनात त्यांच्याशीच तुलना करीत.

मात्र दोन्हीकडच्या वादांत एक मोठी तफावत आहे, आणि तिच्यातच आपले दारिद्र्य दडलेले आहे. पाश्चात्त्य रसिकाला शॅटनरचा विराम पुन्हा ऐकता येतो, दहा वेळा पाहता येतो, पुरावा समोर ठेवून भांडता येते. आमचा पुरावा पहाटे दहीहंडी फुटली की संपतो. संहिता नसल्यामुळे कालचा संवाद आज त्याच नटाला तसाच म्हणता येत नाही. जे बोलले गेले ते बोलले गेले. म्हणून आमचा वाद स्मृतीवर चालतो, आणि स्मृती ही प्रेमळ असली तरी पक्षपाती साक्षीदार असते. जुना राजा दर वर्षी थोडा थोडा उंच होत जातो.

‘डॉक्टर हू’च्या बाबतीतही असा एक कालखंड येऊन गेला, हे फारशा लोकांना ठाऊक नाही. बीबीसीने एके काळी आपल्या जुन्या फिती पुसून टाकल्या. त्यांत हार्टनेल आणि विशेषतः ट्रॉटन यांचे अनेक भाग चित्ररूपाने नष्ट झाले. परंतु त्या भागांचा आवाज वाचला, आणि तो कोणत्याही सरकारी खात्याने वाचवला नाही. घरोघरच्या पोरांनी दूरदर्शन संचाजवळ ध्वनिमुद्रक धरून आपल्या आवडत्या मालिकेचा आवाज टिपून ठेवला होता. त्या फितींवरून हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी परत मिळाला आणि ट्रॉटन हे केवढे नट होते याचा फेरविचार पुढच्या पिढीला करता आला. त्या रसिकांनी भांडणही केले आणि जतनही केले, आणि माझ्या मते ही दोन कामे एकाच प्रेमाची आहेत. ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या हंगामानंतर बंद होणार अशी बातमी पसरली तेव्हा प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिला तिसरा हंगाम मिळवून दिला, हेही त्याच प्रेमाचे कृत्य.

आपल्याकडे या घडीला दशावताराची लोकप्रियता घटलेली नाही. उलट जत्रेबाहेर, गणेशोत्सवात, मुंबईच्या परळ-लालबाग-भांडुपच्या चाकरमान्यांसमोर, आणि गोव्यात पेडणे-बारदेशाकडे त्याचे प्रयोग होत असतात. बदल झाला आहे तो प्रेक्षकाच्या लक्षाच्या ठिकाणात. गेल्या काही दशकांत दोन नवे प्रकार रुजले. एक संयुक्त दशावतार, म्हणजे निरनिराळ्या मंडळांतले नामांकित नट एका रात्रीसाठी एकत्र आणायचे. हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण तो रसिकांच्या वादालाच रंगस्थळी उभे करतो; जे दोन राजे आजवर फक्त चर्चेत एकमेकांसमोर आले ते आता खरोखर येतात. मराठी रंगभूमीच्या इतिहासात याला थोर पूर्वपीठिका आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हा बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर एका रंगमंचावर आले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले, आणि त्या एका रात्रीत कोणाची सरशी झाली हा वाद ती रात्र न पाहिलेल्यांनीही पुढे अनेक वर्षे घातला.

दुसरा प्रकार ट्रिकसीनचा. पडद्यामागे यंत्रे, धूर, रंगीत प्रकाश. देव अधांतरी येतो, नाग फणा काढतो, राक्षसाचे मस्तक वेगळे होऊन बोलू लागते. गर्दी होते, बिदागी वाढते, नटाच्या संसाराला हातभार लागतो, आणि वर्षानुवर्षे तुटपुंज्या मोबदल्यावर रात्री जागवणाऱ्या माणसाला चार पैसे अधिक मिळत असतील तर त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार दूर बसलेल्या लेखकाला नाही. तथापि एक निरीक्षण नोंदवणे प्राप्त आहे. अशा प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी लोक नटाविषयी बोलत नाहीत, नागाविषयी बोलतात. ‘नाग खंयसून इलो?’ या प्रश्नाला उत्तर एकच असते आणि ते कळले की चर्चा संपते. ‘राजा कसो झालो?’ या प्रश्नाला अंत नसतो. विज्ञानकथांच्या बाबतीत हेच घडले. पुढे संगणकाने हवे ते ग्रह आणि हवी ती युद्धे पडद्यावर उभी केली. परंतु आज रसिकांची जुनी भांडणे आठवली तर ती शॅटनरच्या विरामाची, निमॉयच्या भुवईची व ट्रॉटनच्या मिश्किल नजरेची आठवतात. यंत्राचे नावीन्य पुढच्या यंत्राने जुने होते, पण नटाच्या विरामाला असा प्रतिस्पर्धी कधी सापडत नाही.

पूर्वरंगाची हेळसांड हाही त्यातलाच भाग. वेळ वाचवण्यासाठी आडदशावतार आटोपता घेतला जातो, शंकासुराला चार वाक्यांत वाटेला लावले जाते. वास्तविक शंकासुर ही या खेळातली सर्वांत अवघड भूमिका असावी, असे मला वाटते: चेहरा झाकलेला, म्हणजे मुखाभिनयाचा आधार नाही, भाषा घरची, म्हणजे संस्कृतप्रचुर शब्दांच्या डौलाचा आसरा नाही, आणि विनोद त्याच गावाचा, त्याच वर्षीचा, म्हणजे पाठ केलेले काही कामाचे नाही. फक्त देहाची लवचिकता आणि प्रसंगावधान यांवर त्याने तासभर सभा हसती ठेवायची. गर्दीच्या वाढत्या घाईत हे कसब मुकाट्याने बरतरफ होत आहे, याबद्दल मात्र तक्रार करणे मला कर्तव्यच वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यात वयाची ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री या वृद्ध दशावतारी कलावंताची भूमिका केली. चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, आणि ते त्या कौतुकाला पूर्ण पात्र आहेत. सिंधुदुर्गात मात्र त्यांच्या भूमिकेला आणखी एक कसोटी लागणे स्वाभाविक होते: नागर रंगभूमीवर घडलेल्या या थोर नटाचा प्रवेश, त्याची फेरी, त्याचा मृदंगाशी जुळलेला पाय, हे दशावतारी डोळ्याला पटले की नाही. एखाद्या कलेची चित्रपटात नोंद झाली म्हणून तिच्या मूळ परीक्षकांनी आपले काम सोडून द्यावे, असे मुळीच नव्हे. उलट ज्यांनी हा खेळ प्रथमच चित्रपटात पाहिला त्यांना खऱ्या देवळाच्या आवारात आणून बसवण्याची हीच वेळ आहे.

म्हणून या जिल्ह्यातल्या, आणि मुंबई-गोव्यात पसरलेल्या, रसिकांना माझी कळकळीची विनंती आहे. वाद जोराने घाला, पण तो लिहूनही ठेवा. रात्र कोणती, देवस्थान कोणते, मंडळ कोणते, आख्यान कोणते, राजपार्ट कोणाचा व स्त्रीपार्ट कोणाचा, आणि तुम्हाला काय पटले व काय खटकले, एवढे एका वहीत उतरायला अर्धा तास पुरतो. आज भ्रमणध्वनीवर चित्रण करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ट्रिकसीनच्या तुकड्याऐवजी राजाराजांचा पुरा वाद आणि शंकासुराचा पुरा प्रवेश टिपावा, आणि नटांची नावे त्याला जोडावीत. ज्यांच्या माळ्यावर वीस-तीस वर्षांपूर्वी जत्रेत भरून आणलेल्या ध्वनिफिती पडून असतील त्यांनी येत्या पावसाळ्याआधी त्या उतरवून घ्याव्यात, कारण कोकणातल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि एकदा बुरशी धरली की तिच्यातला राजा परत बोलत नाही.